बर्फाच्या कारखान्यातली अंगठ्याएवढी नळी

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा फाइल उघडली आणि बंद केली. एका नळीची गोष्ट आहे. त्यात प्रेम नाही, मारामारी नाही, कोणी मेलंसुद्धा नाही. ऑफिसातल्या पोरांना एकदा चहावर सांगायला गेलो तर एक म्हणाला, "मग पुढे?" मी म्हटलं, पुढे काही नाही. तो म्हणाला, "मग ठीक आहे."

पण ह्या गोष्टीत आनंद आहे. आणि ते पुणं आहे, हडपसर ओलांडलं की ऊस सुरू व्हायचा ते. म्हणून लिहितोय. जसं आठवेल तसं.

साल दोन हजार. एक जानेवारीला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार होते ते पडले नाहीत, त्यामुळे लोक जरा नाराजच होते. अर्धं गाव जावा शिकत होतं. कोणाच्या तरी मावसभावाला व्हिसा मिळाला अशी बातमी दर आठवड्याला यायची.

मी महिपती. वाशिमचा. आजोबांचं नाव चिकटलंय, पुण्यात कोणी पूर्ण घेत नाही, सगळे मह्या म्हणतात. बारावीनंतर इथं कॉम्प्युटर शिकायला आलो आणि क्लासमध्ये शिकण्याऐवजी क्लासचेच बंद पडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागलो. जे काय येतं ते तिथं आलं. डिग्री नाही, अजून नाही.

तिथून हिंमतराव सरांनी मला उचललं. सरांचं ऑफिस कसबा पेठेत, पितळी भांड्यांच्या दुकानाच्या वर. पाटीवर लिहिलेलं, 'कंपन मापन'. एकदा एक आजोबा धापा टाकत जिना चढून आले आणि म्हणाले, "आपण भूकंप मोजता का?" सर मान वर न करता म्हणाले, "नाही. भूकंप झाला की आपल्याला कळेलच."

आमचं काम असं. कारखान्यात मोठी मशिनं असतात, त्यांना पाइप जोडलेले असतात. मशीन चाललं की पाइप थरथरतो. थोडं थरथरलं तर काही होत नाही. पण तार आपण एकाच जागी सारखी इकडे तिकडे वाकवली की शेवटी तुटते ना, तसं जोडाच्या जागी लोखंड थकतं. बाहेरून काहीच दिसत नाही आणि एक दिवस तडा जातो. तर त्या जोडावर मशीन चालू असताना किती जोर पडतो हे आम्ही मोजायचो, आणि त्यावरून हा जोड टिकेल का, हे सांगायचो.

मोजायला स्ट्रेन गेज असायचे. नखाएवढी पातळ पट्टी, आत केसासारखी तार. ती पाइपला चिकटवायची. पाइप ताणला की पट्टीही ताणली जाते, आणि कॉम्प्युटरवर रेघ हलते. पण रेघ किती हलली म्हणजे किती जोर, हे कसं कळणार? त्यासाठी मशीन बंद करून पाइपला ओळखीचं वजन टांगायचं आणि रेघ कुठं जाते ते बघून ठेवायचं. सरांकडे त्यासाठी किराणा दुकानातली लोखंडी वजनं होती, सरकारी शिक्का मारलेली. "अमेरिकेतही किलो तेवढाच असतो," सर म्हणायचे.

आनंद माझ्याआधीपासून तिथं होता. खडकीचा. वडील दारूगोळा कारखान्यात, क्वार्टर्समध्ये राहायचे. मेकॅनिकल डिप्लोमा करून हा सरांकडे लागलेला. अक्षर छापल्यासारखं. बोलणं कमी, पण बोलला की थेट. त्याच्याकडे एम-एटी होती, आणि तिच्यावर मागे मी, माझ्या मांडीवर लॅपटॉपची पेटी, आणि पायाशी वजनांची पिशवी. अशी आमची कंपनी गावभर फिरायची. स्पीडब्रेकर आला की तो ओरडायचा, "मह्या, पेटी!" मला लागलं तर चालायचं, पेटीला नको.

तर नळी.

मांजरीच्या बाजूला एक बर्फाचा कारखाना होता. नाव लिहीत नाही. अमोनियावर चालायचा. कॉम्प्रेसरमधून एक जाड पाइप निघायचा, आणि त्या पाइपला फुटलेली एक आडवी नळी होती. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, टोकाला एक व्हॉल्व्ह. कधी काळी काहीतरी जोडण्यासाठी ठेवलेली, आता कोणी वापरत नव्हतं. ती नळी मुळापाशी, वेल्डिंगच्या कडेला तडकली. अमोनिया बाहेर. सगळी माणसं ओले फडके नाकाला लावून पळाली.

ती नवी जोडून घेतली आणि मालकांनी आम्हाला बोलावलं. आम्ही गेलो, मोजलं, थरथर अगदी मामुली होती. आधीचं वेल्डिंगच कच्चं असणार, नवा जोड सुरक्षित आहे, असा रिपोर्ट गेला. तो रिपोर्ट आनंदनं लिहिला होता आणि सरांनी पहिल्यांदाच त्याला सही करायला सांगितली होती. खाली सर नाही, आनंद. त्या दिवशी त्यानं मला भर दुपारी मस्तानी पाजली आणि स्वतः तीन वेळा झेरॉक्स बघितली.

पावसाळा संपता संपता नळी परत फुटली. त्याच जागी.

आणि त्याच सुमारास आनंदला सॉफ्टवेअरमधलं लेटर आलं. संध्याकाळचा क्लास करून, चार ठिकाणी परीक्षा देऊन मिळवलेलं. पुढच्या एक तारखेला जॉइन व्हायचं, हिंजवडी. त्याच्या आईनं अख्ख्या क्वार्टर्समध्ये पेढे वाटले.

फुटल्याचा फोन आला तेव्हा आम्ही तिघंही ऑफिसात होतो. सरांनी फोन ठेवला आणि सांगितलं. आनंद उठून उभा राहिला.

"कोणाला काही झालं का?"

"नाही. ऑपरेटर बाहेर गेलेला. नशीब."

"सर, मी सुरक्षित म्हणून लिहिलंय."

"माहितीये. मी वाचलंय."

"मग आता?"

"आता काय. तू जा की हिंजवडीला. कॉम्प्युटरमधून काही अमोनिया येत नाही." सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "सही तुझी आहे आनंद. मी ती खोडणार नाही, आणि तिच्यावर माझीही करणार नाही. जायच्या आधी काय करायचं ते तू ठरव."

खाली उतरल्यावर आनंद मला म्हणाला, "मह्या, मला हे मागे ठेवून जायचं नाहीये. उद्या त्या नळीखाली कोणी मेलं तर मी काय, कोड लिहीत बसू?"

नळी परत जोडून कारखाना सुरू झाल्यावर आठवड्यानं, आम्ही येतोय असं फोनवर कळवलं आणि दोन दिवसांनी सकाळी निघालो. मगरपट्ट्याच्या शेतांमधून तेव्हा नुकतेच खांब उभे राहायला लागले होते. आनंद एक शब्द बोलला नाही. स्पीडब्रेकरलासुद्धा नाही.

कॉम्प्रेसर रूमचे ऑपरेटर म्हणजे भैरूनाना. मांजरीचेच, पन्नाशी उलटलेली, कानात कापूस, गळ्यात मफलर, कारण बर्फाच्या कारखान्यात बारा महिने सर्दी. आम्ही येणार म्हणून त्यांनी रूम पाण्यानं धुवून काढलेली. नवी जोडलेली नळी तर फडक्यानं पुसून चकाचक.

"या सायेब. च्या सांगू का?"

"नाना, सायेब कशाला, मी आनंद."

"बरं, आनंदसायेब."

पट्ट्या चिकटवल्या, वजनं टांगून रेघेचा हिशेब बसवला, वजनं काढली, मशीन चालू केलं. मी स्क्रीनकडे बघतोय, आनंद माझ्या खांद्यावरून बघतोय. रेघ जवळजवळ सरळ. मागच्या वेळेसारखीच. एवढ्याशा जोरानं ती नळी आमच्या नातवंडांपर्यंत टिकली असती.

"परत बघ," आनंद म्हणाला.

परत बघितलं. लोड वाढवून बघितलं, कमी करून बघितलं. तेच.

जेवायला बाहेर उसाच्या बांधावर बसलो. भैरूनानांनी पिठलं-भाकरी आणलेली, त्यातली आम्हाला बळंच वाढली. आनंदनं घास हातात धरून ठेवला होता.

"खा रं पोरा. नळी काय जेवत न्हाय, तू तरी जेव."

"नाना, ती फुटली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"म्या तंबाकू आणाया गेलतो टपरीवर. आदल्या टायमाला मुतायला." नाना हसले. मग हसू गेलं. "दोन्ही टायमाला भाईर. न्हायतर आज तुमास्नी भाकरी कुणी दिली असती?"

दुपारी आनंदच्या डोक्यात आलं की आपला वजनांचाच हिशेब चुकला असेल. म्हणून परत मशीन बंद करायला सांगितलं आणि परत एक-एक वजन टांगायला सुरुवात केली. एक किलो. दोन किलो. आकडे बरोबर होते. दोन किलोचं वजन व्हॉल्व्हला तसंच लटकत होतं, आम्ही दोघं डोकं खाली घालून आकडे ताडून बघत होतो, तेवढ्यात वरच्या ऑफिसातून कोणीतरी ओरडलं, "भैरू, टाकीचं पाणी तापतंय, मशीन चालू कर!"

नानांना वाटलं आमचं झालं. त्यांनी चालू केलं.

स्क्रीनवरची रेघ एकदम जाड झाली. रेघ कसली, पट्टाच. वरपासून खालपर्यंत भरलेला. आणि ते लोखंडी वजन व्हॉल्व्हखाली असं थरथरत होतं की त्याची कड दिसेना.

"बंद करा! नाना, बंद!"

बंद झालं. रूम शांत झाली. मी वजन काढायला हात पुढे केला.

"हात नको लावू," आनंद म्हणाला. "मह्या, माझ्या गाडीचा आरसा."

मला लगेच कळलं. एम-एटीचा आरसा एका ठराविक स्पीडला एवढा थरथरायचा की मागचं काही दिसायचं नाही. त्या स्पीडच्या वर गेलं की परत स्वच्छ. एकदा तो तुटल्यावर आम्ही एमसीलचा गोळा लावून बसवला, तर थरथरायचा स्पीडच बदलला. वजन वाढलं की वस्तू वेगळ्या वेगाला थरथरते. रिकामी नळी ह्या कॉम्प्रेसरला दाद देत नव्हती. दोन किलो टांगल्यावर बरोबर त्याच्या तालात सापडत होती.

पण नळीला दोन किलो कोण टांगणार?

आनंद व्हॉल्व्हच्या मानेजवळ वाकला. तिथला रंग गोल उडालेला. नवीन रंग, अजून महिना झाला नसेल, आणि तारेनं घासल्यासारखी चकचकीत कडी.

"नाना, आम्ही नसतो तेव्हा ह्याच्यावर काय असतं?"

"काय न्हाय."

"काहीच नाही?"

"काय न्हाय रं. देव हाय तेवढा."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

नानांनी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. आत धुतलेल्या टॉवेलवर खंडोबाचा फोटो. जाड लाकडी चौकट, तिला पितळी पत्रा ठोकलेला, वर काच. मागे तार. तारेच्या खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, मशीन चालताना खडखड वाजू नये म्हणून. भिंतींना बारा महिने पाणी सुटायचं, तिथं फोटोला बुरशी यायची. म्हणून नानांनी दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला तो ह्या बिनकामाच्या व्हॉल्व्हला बांधला. डोळ्यांसमोर, हाताच्या उंचीवर. आणि आमचा फोन आला की ते तो काढून ठेवायचे. बाहेरची माणसं येणार, बूट घालून येणार, कसलंतरी वासाचं औषध लावणार. देवाच्या अंगावर उडायला नको, आणि आमच्या कामात देव आडवा यायला नको. आम्ही गेलो की हात धुवून परत बांधायचे.

म्हणजे आम्ही दोन्ही वेळा जी नळी मोजली ती फक्त पाहुण्यांसाठी होती.

"नाना, मशीन बंद आहे. एकदा जसा असतो तसा बांधता का?"

"देवाची परीक्षा घ्यायची?"

"नाही. नेहमीच्या जागी ठेवायचा, बास. मशीन चालू नाही करायचं."

नानांनी चपला काढल्या, फोटो बांधला, नमस्कार केला. रेघ दोन किलोच्या खुणेच्या जरा अलीकडे जाऊन थांबली.

नाना माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. लहानपणापासून आमच्या घरी खंडोबा आहे. मी आनंदकडे बघितलं, तूच बोल म्हणून.

"म्हंजी," नाना सावकाश म्हणाले, "माज्या देवानं नळी फोडली म्हनता."

"देवानं नाही नाना. वजनानं. माझा डबा टांगला असता तरी फुटली असती."

"तुजा डबा न्हवता पर. देव हुता. आन् दोन्ही टायमाला मला भाईर कुणी काढलं? तंबाकूनं?"

"ते मला माहीत नाही," आनंद म्हणाला. "ते मला मोजता येत नाही."

"तू मानतोस का देव?"

"नाही."

असा थेट. नाना त्याच्याकडे बघत राहिले.

"मग तुमच्या घरात काय लावत्यात भिंतीला?"

"बुद्धाचा फोटो आहे, बाबासाहेबांचा आहे. आई रोज सकाळी पुसते. मला हात लावू देत नाही, म्हणते तू धांदरट आहेस." आनंदनं व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं. "नाना, तिला ही जागा दाखवली ना, तर ती इथं फोटो लावणार नाही. म्हणेल, पडेल. नळी तुटली की सगळ्यात आधी खाली कोण पडतं?"

नानांनी फोटोच्या काचेवरून अंगठा फिरवला.

"काच दोन बारी बदलली म्या," ते म्हणाले. हे त्यांनी आम्हाला सांगितलं असं वाटलंच नाही. मग मफलर सोडून परत गुंडाळला, तार सोडली, आणि फोटो छातीशी धरून रूमभर हिंडले. इथं पाणी गळतं, इथं अंधार, इथं माणसांचे पाय. शेवटी स्टुलाशेजारच्या लोखंडी खांबापाशी थांबले. "हितं. पर पाट वेल्डिंगचा पायजे, खिळ्यावर न्हाय टांगायचा. आन् नारळ फोडायचा. तुमी दोघं असताना."

वेल्डरनं त्याच संध्याकाळी खांबाला लोखंडी पाट जोडून दिला, नानांनी फोटो त्यावर बसवला. नारळ फोडला. आनंदनं खोबरं खाल्लं, आणि नाना म्हणाले, "मानत न्हाय पर खोबरं चालतंय."

"खोबरं मोजता येतं," आनंद म्हणाला. नाना जे हसले.

इथं संपायला हवं होतं. पण रिपोर्ट राहिला होता.

दुसऱ्या दिवशी आनंदनं जे झालं ते सरळ लिहिलं. आधीचं मोजमाप बरोबर होतं, नंतर ऑपरेटरनं फोटो परत बांधला, म्हणून फुटली. त्याचं नाव त्यात स्वच्छ होत होतं. सरांनी वाचलं आणि विचारलं, "मालक हे वाचून काय करतील?"

"व्हॉल्व्हला काही टांगू देणार नाहीत."

"ते करतीलच. आणि भैरूचं?"

दोनदा गळती, कारखाना दोनदा बंद. त्याचं खापर फोडायला मालकांना एक माणूस लागणारच होता, आणि आम्ही तो नावासकट देत होतो. आनंद खिडकीत जाऊन उभा राहिला. खाली भांड्यांवर नावं घालायची टकटक चालली होती.

मग तो बसला आणि पुन्हा लिहायला घेतलं. मी शेजारी होतो, मी टाइप करत होतो. त्यानं लिहिलं की नळी वापरात ज्या अवस्थेत असते त्या अवस्थेत पहिल्या वेळी मोजली गेली नाही. तिच्यावर वजन आलं की ती कॉम्प्रेसरच्या तालात येते. त्यामुळे माझा पहिला निष्कर्ष मागे घेतो. नळीला खालून आधार द्यावा, आणि व्हॉल्व्हला कधीही काहीही टांगू नये, तशी पाटी लावावी. भैरूनानांचं नाव नाही, फोटोचं नाही.

"हे तुझ्यावर येतंय," मी म्हटलं.

"आलंच आहे. मी विचारलं नव्हतं नानांना. पहिल्यांदा गेलो तेव्हाच विचारायला पाहिजे होतं, आम्ही नसताना तिथं काय असतं. नाही विचारलं." आणि सही केली. छापल्यासारखी. सरांनी ती बघितली आणि शेजारी स्वतःची केली. मग चहा स्वतः खाली जाऊन घेऊन आले, जे मी आधी कधी बघितलं नव्हतं.

एक तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी खडकीला गेलो. स्टेशनबाहेरच्या गाड्यावर भजी खाल्ली. लोणावळ्याची लोकल आली, लोक उतरले, क्वार्टर्सकडे पांगले. आनंदनं नवीन फॉर्मल शर्ट घेतला होता, आणि पिशवीतून काढून मला दाखवत होता, निळा, कॉलरला अजून टाचण्या.

"मह्या, आधार बसवलाय त्यांनी नळीला. पाटी पण लावलीये. काल फोन केला होता."

"मग झालं की."

"नाना रिटायर होणार दोन-तीन वर्षांत. नवीन माणूस येईल. तो पाटी वाचेल?" त्यानं भज्याचा कागद चुरगळला. "रेनकोट अडकवेल. डब्याची पिशवी अडकवेल. हाताच्या उंचीवर आहे रे ती, कोणालाही मोह होईल. आणि तिथं काय टांगलेलं होतं ते आपण रिपोर्टमध्ये लिहिलंच नाही. ते फक्त आपल्याला माहितीये."

त्यानं शर्ट परत पिशवीत ठेवला.

"मला आता जमणार नाही. तिकडे सुट्टी कधी मिळते, नाही मिळत, माहीत नाही. कदाचित बाहेरच पाठवतील. तू दर वर्षी एकदा जाशील? नुसतं बघून ये. खरंच सांग, जमत नसेल तर नाही म्हण."

"जाईन."

"दर वर्षी."

"दर वर्षी जाईन. ती नळी आहे तोवर." मी उठलो, हात पँटला पुसला आणि त्याच्या हातात दिला. "आणि आधी फोन न करता जाईन."